वीज गेली की पूल हिरवा: मिठाचा क्लोरिनेटर आणि टायमरची जोडणी

२०२४ सालात आमच्या पूलचं पाणी दोनदा हिरवं झालं आणि दोन्ही वेळा क्लोरिनेटर, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र, ठणठणीत होतं. हे आधीच सांगून टाकते. कारण कुणाच्या हातात आत्ता नव्या सेलचं (ज्यात क्लोरीन बनतो तो भाग) किंवा बोर्डाचं (पेटीतलं इलेक्ट्रॉनिक्स) बिल असेल, तर ते भरायच्या आधी त्यांनी एकदा रात्री अकरानंतर बाहेर जाऊन क्लोरिनेटरच्या पेटीकडे बघावं.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहतो. पूल मागच्या अंगणात, मिठाच्या पाण्याचा. मीठ ३,२०० पीपीएमच्या आसपास ठेवतो, म्हणजे समुद्राच्या खारटपणाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. या पाण्यातून सेलमध्ये वीज खेळवली की एका बाजूला क्लोरीन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन सुटतो. क्लोरीन पाण्यात विरघळतो, शेवाळ मारतो आणि काम झालं की त्याचं परत मीठ होतं. हायड्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने पूलमध्ये येऊन हवेत निघून जातो. त्या हायड्रोजनला विसरू नका, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आधी आमच्याकडे एकाच वेगाचा पंप होता. पंप आणि क्लोरिनेटर दोन्ही एकाच टायमरवर. टायमर म्हणजे इथे घरोघरी भिंतीवर दिसते ती राखाडी पेटी: आत पिवळी तबकडी, तिला चालूची एक आणि बंदची एक अशा स्क्रूने आवळायच्या दोन चिमट्या, खाली हाताने ओढायचा खटका. पंप जळाला तेव्हा नवा घेताना बदलत्या वेगाचाच घ्यावा लागला. अमेरिकेत जुलै २०२१ पासून नवे कार्यक्षमतेचे नियम लागू झालेत आणि जमिनीतल्या पूलसाठी लागणारा मध्यम ताकदीचा साध्या वेगाचा पंप आता जवळजवळ मिळतच नाही. तक्रार नाही. पंपाचा वेग निम्मा केला तर वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे कमी वेगाने बारा तास चालवूनही बिल उतरलं.

पण या पंपाला चोवीस तास वीज लागते, कारण त्याचं घड्याळ आणि वेळापत्रक त्याच्या डोक्यातच असतं. पंप बसवायला आलेल्या माणसाने पंपाच्या तारा टायमरच्या लोडवरून (टायमर बंद झाला की वीज तुटते ती बाजू) काढून लाइनवर (जिथे वीज कायम असते ती बाजू) लावल्या आणि क्लोरिनेटर होता तिथेच, म्हणजे लोडवर ठेवला. काम चुकीचं नव्हतंच. फक्त त्या दिवसापासून आमच्या अंगणात दोन घड्याळं झाली, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. मी पंप सकाळी ७ ते संध्याकाळी ७ लावला आणि क्लोरिनेटरचा टायमर ९ ते ५.

१६ मे २०२४ च्या संध्याकाळी ह्यूस्टनवरून ते भयानक वादळ गेलं, ज्यात डाउनटाउनमधल्या उंच इमारतींच्या काचा फुटल्या. आमची वीज चौदा तास नव्हती. आल्यावर पंप आपोआप सुरू झाला, त्याच्या पडद्यावरची वेळ बरोबर होती, आणि मी निर्धास्त झाले. आठ-दहा दिवसांत पाणी गढूळ, मग भिंती बुळबुळीत, मग सरळ पालकाचं सूप. दिवसा क्लोरिनेटरची पेटी बघावी तर एकही दिवा नाही. मेली, असं मी ठरवून टाकलं. पूलच्या दुकानात पाण्याचा नमुना घेऊन गेले, तिथल्या माणसाने क्लोरीन शून्य दाखवून "बोर्ड गेला असणार" म्हणत किंमत सांगितली. साडेतीनशे डॉलर. मी ऑर्डर देऊन आले.

त्याच रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ढकलताना कोपऱ्यात लाल उजेड दिसला. मेलेली पेटी जिवंत होती! दिवा होता "नो फ्लो"चा, म्हणजे "मला वीज आहे, पण पाणी वाहत नाहीये." साडेअकरा वाजले होते, पंप सातलाच झोपला होता. टॉर्च घेऊन टायमर उघडला तर तबकडी सकाळचे साडेनऊ दाखवत होती.

यांत्रिक टायमरचं घड्याळ विजेच्या मोटरवर चालतं. वीज गेली की ते जागेवर थांबतं आणि वीज आली की तिथूनच पुढे निघतं. चौदा तास वीज गेली, म्हणून ते चौदा तास मागे पडलं. तबकडीचे सकाळचे नऊ म्हणजे खरे रात्रीचे अकरा, तबकडीचे पाच म्हणजे खरे सकाळचे सात. आमचा क्लोरिनेटर रोज रात्री ११ ते सकाळी ७ जागा आणि पंप सकाळी ७ ते संध्याकाळी ७. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. एक मिनिटसुद्धा दोघांची गाठ नाही. कारखान्यात शिफ्ट लावावी इतकं नेमकं!

जुना पंप असताना वीज काय कमी वेळा गेली होती? पण तेव्हा घड्याळ सरकलं की दोघं मिळून सरकत. पंप मध्यरात्री चालला तरी क्लोरीन तयार होतच होता, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नव्या पंपानंतर "यंत्र बिघडलं" अशी शंका येणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा: वीज किती तास गेली होती, त्यातून पूर्ण दिवस वजा करा, उरलेले तास म्हणजे तुमची तबकडी तितकी मागे. ८ जुलैला बेरिल चक्रीवादळ आलं, वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमची तीन दिवस दहा तासांनी आली. तीन दिवस सोडून द्या. दहा तास मागे, म्हणजे क्लोरिनेटर संध्याकाळी ७ ते पहाटे ३. पुन्हा गाठ शून्य. आणि हो, एकदा पोळूनसुद्धा मी तबकडी फिरवायला विसरले. फ्रीजमधलं सगळं फेकायचं, अंगणातलं झाड उचलायचं, त्यात पूलचं घड्याळ कुणाला आठवतं.

तबकडी सरकवायची ती बाहेर ओढून मग फिरवायची. न ओढता जोर लावलात तर आतल्या दात्यांशी भांडण आहे.

याच दुखण्याची दुसरी बाजू जास्त वाईट, आणि ती मला एका मैत्रिणीकडे शुगर लँडला दिसली. तिचं पाणी हिरवं नव्हतं. तिची तक्रार अशी, की रोज सकाळी पंप सुरू झाला की पूलच्या भिंतीतल्या तोंडांतून बुडबुड्यांचा एक मोठा ढग येतो आणि क्लोरीनचा भपकारा मारतो. तिच्याकडे पंप बदलताना क्लोरिनेटरही पंपाबरोबर लाइनवर गेला होता. म्हणजे टायमर नुसता शोभेला, क्लोरिनेटरला चोवीस तास वीज. पंप बंद असताना सेल थांबायला हवा तो फक्त फ्लो स्विचच्या भरवशावर. फ्लो स्विच म्हणजे पाइपातली एक छोटी पाकळी, पाणी वाहिलं की वाकते, थांबलं की परत येते. तिच्या पाकळीवर चुन्याचा थर बसून ती वाकलेलीच राहिली होती. ह्यूस्टनच्या भागात पाणी जड, हे नळाच्या तोटीवरही दिसतं.

मग रात्रभर साचलेल्या पाण्यात सेल चालू, हायड्रोजन आणि क्लोरीन जायला वाट नाही, बंद पाइपात दोन्ही वायू साठलेले. हे मिश्रण भडका घेऊ शकतं आणि बंद सेल फुटू शकतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे. प्लांटमध्ये आम्ही अशा ठिकाणी एका स्विचवर कधीच विसंबत नाही, आधी मुख्य अडसर आणि मग त्याच्या पाठीशी दुसरा. पूलच्या बाबतीत मुख्य अडसर म्हणजे पंप बंद असताना क्लोरिनेटरला वीजच न पोचणं. फ्लो स्विच हा पाठीराखा. "नो फ्लो"चा दिवा त्रास देतो म्हणून त्या स्विचच्या प्लगमध्ये तार घालून त्याला कायमचं गप्प करायचे उपाय लोक एकमेकांना सांगत असतात. तसं केलेलं दिसलं तर आधी तार काढा, मग पुढचं बोला.

आपली जोडणी कशी आहे हे कळायला मीटरसुद्धा लागत नाही. पंप चालू असताना टायमरचा खटका हाताने बंदकडे ओढा. क्लोरिनेटरचे दिवे गेले तर तो लोडवर आहे, ठीक. दिवे तसेच राहिले तर तो लाइनवर आहे. दुसरा प्रश्न, पंप थांबला का? एकाच वेगाचा पंप असेल तर दोघंही थांबायला हवेत. बदलत्या वेगाचा असेल तर तो चालूच राहील आणि ते बरोबर आहे. खटका परत चालूकडे केल्यावर मिनिटभर "नो फ्लो" लुकलुकेल, त्याने घाबरू नका. बहुतेक यंत्रं तेवढा वेळ पाण्याची खात्री करून घेतात.

आता पेटी उघडायची वेळ. मुख्य पॅनेलमधला ब्रेकर पाडा आणि तरीही मीटर लावून वीज नसल्याची खात्री करा. हे वाक्य सगळे लिहितात, पण भारतातून आलेल्यांनी ते दोनदा वाचावं. आपल्या डोक्यात काळी तार म्हणजे न्यूट्रल, जुन्या घरांत आपण तेच पाहिलंय. अमेरिकेत काळी तार जिवंत असते. आणि २४० व्होल्टच्या पूल सर्किटमध्ये न्यूट्रलच नसतो: काळी आणि लाल दोन्ही जिवंत, प्रत्येकीला जमिनीच्या मानाने १२० व्होल्ट. कधीकधी लालऐवजी पांढरी वापरलेली असते, तीही जिवंत. हिरवी किंवा उघडी तेवढी अर्थिंगची.

टायमरच्या पट्टीवर बहुतेक पेट्यांत १ आणि ३ ला लाइन, २ आणि ४ ला लोड असतं. नेमकं दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर बघा. ब्रेकर चालू करून, खटका बंद ठेवून मोजलं तर १ आणि ३ मध्ये २४० आणि २ आणि ४ मध्ये शून्य यायला हवं. एवढ्यावर थांबू नका. २ आणि अर्थिंग, ४ आणि अर्थिंग असंही वेगवेगळं मोजा. एकीवर १२० मिळाले तर टायमर एकच तार तोडतोय. यंत्र बंद दिसतं, पण त्याच्या आत वीज उभी असते. २४० साठी दोन्ही तारा तोडणाराच टायमर हवा.

आणखी एक मजेशीर चूक. लाइन आणि लोड उलटे लावले तर टायमर एकदा बंद होतो आणि मग जन्मात सुरू होत नाही, कारण घड्याळाची मोटर लाइनच्या स्क्रूंवर असते, आणि बंद झाल्यावर तिलाच वीज मिळत नाही. "टायमर रोज हाताने चालू करावा लागतो" असं कुणी म्हटलं की मी आधी हेच बघते.

क्लोरिनेटरच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरजवळ १२० किंवा २४० व्होल्ट निवडायचे जम्पर, म्हणजे छोटे तारेचे जोड, असतात. २४० ची वीज आणि जम्पर १२० ला, तर फ्यूज किंवा त्याहून महाग काहीतरी जातं. उलट झालं तर यंत्र चालतं पण मरगळलेलं, क्लोरीन कमीच. पेटीच्या खालच्या तांब्याच्या जाड तारेचा स्क्रूही हलवून बघा. ती तार पंप, पूलचं लोखंड आणि पेटी एका पातळीवर ठेवते आणि ती अर्थिंगच्या तारेपेक्षा वेगळी गोष्ट आहे. ही सुटलेली दिसली किंवा जीएफसीआय (वीज गळली की पडणारा) ब्रेकर परतपरत पडत असेल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाण्यात पोरं असतात.

जोडणी बरोबर, घड्याळ बरोबर, तरी दिवसा "नो फ्लो" येत असेल तर पंपाचा वेग बघा. आमच्याकडे मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर पाकळी वाकतच नव्हती, १,८०० ला दिवा गेला. फिल्टर घाण झाला की तोच १,८०० पुन्हा अपुरा पडतो. म्हणून क्लोरिनेटरच्या तासांत पंपाचा वेग वाढवा आणि उरलेले तास तो रांगू द्या. स्विचवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना हेही बघा.

राहिला मूळ प्रश्न, दोन घड्याळांचा. फुकटचा उपाय म्हणजे पंपाच्या तासांच्या आत क्लोरिनेटरचे तास ठेवून दोन्हीकडे दोन तासांची गादी सोडणं, जशी आमची ७ ते ७ आणि ९ ते ५ होती. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये इथे घड्याळ तासभर पुढेमागे करतात, तेवढा धक्का ही गादी पचवते. चौदा तासांचा पचवत नाही. वादळाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

तुमच्या पंपाच्या डोक्यात रिलेचं (इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचचं) आउटपुट असेल तर विचार करत बसू नका, क्लोरिनेटर त्या रिलेवरून चालवा. रिलेची क्षमता आणि पद्धत पंपाच्या पुस्तिकेत बघून. पंप चालू तरच क्लोरिनेटर चालू, दुसरं घड्याळच नाही. माझ्या मते हा सर्वांत चांगला मार्ग. आमच्या पंपात ती सोय नव्हती.

मग मी दोन गोष्टी केल्या. जुन्या पेटीतलं यांत्रिक घड्याळ काढून बॅटरीचा आधार असलेलं डिजिटल घड्याळ बसवलं, दोन्ही तारा तोडणारं, त्याच पेटीत बसणारं. आणि त्याच्यापुढे एक करंट ओळखणारा रिले. पंपाची एक तार त्याच्या कड्यातून जाते, पंप वीज ओढायला लागला की रिले काँटॅक्टरला, म्हणजे जास्त वीज पेलणाऱ्या मोठ्या रिलेला, सांगतो आणि काँटॅक्टर क्लोरिनेटर जोडतो. यात एक अडचण आली. कमी वेगात पंप जेमतेम एक अँपिअर ओढत होता आणि रिलेला तो दिसेना. तीच तार कड्यातून दोनदा फिरवली, रिलेला दुप्पट दिसू लागलं, काम झालं. पण पंप थांबलेला असतानाही त्याचं इलेक्ट्रॉनिक्स थोडी वीज पितं, तेवढ्याने रिले लागत नाही ना, हे पंप बंद ठेवून मी तपासलं. शिवाय पंप हवा खेचत कोरडा फिरला तरी वीज ओढतोच, म्हणून पाण्याची खात्री फ्लो स्विचच देणार. तो जागेवर आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्याची पाकळी धुते.

बोर्डाची ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळीच रद्द केली होती.

काढलेलं यांत्रिक घड्याळ फेकवेना. दादा त्या डिसेंबरात आला होता, लोणावळ्याच्या बंगल्यातल्या छोट्या पूलसाठी हौसेने घेऊन गेला. महिन्याभरात फोन. "अगं, तुझा टायमर वेडा आहे. लोणावळ्याची वीज एकदाही गेली नाही, तरी पंप रोज वेगळ्याच वेळी लागतो. आणि गंमत म्हणजे मध्येच एखाद्या दिवशी बरोब्बर चालतो."

मी विचारलं, "दादा, दर सहाव्या दिवशी का?"

तो गप्प. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?"

घड्याळाची मोटर विजेच्या आवर्तनांवर पळते. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, भारतात ५०. व्होल्टेज चालून गेलं, कारण त्या मोटरला २३० चालतात. पण ५० वर ती तासाला दहा मिनिटं मागे पडते, दिवसाला चार तास, आणि सहा दिवसांत पूर्ण एक फेरा मागे पडून पुन्हा जागेवर येते. दादाचा क्लोरिनेटर सुदैवाने पंपाबरोबर त्याच टायमरच्या लोडवर होता, त्यामुळे वेळ चुकली तरी दोघं बरोबरच चुकत होते आणि पाणी स्वच्छ होतं. त्याने मग मुंबईच्या लोहार चाळीतून ५० हर्ट्झवर चालणारा, बॅटरीवाला टायमर आणला. माझं घड्याळ आता त्याच्या माळीकाकांच्या खोलीत खिळ्याला लटकलंय.